घोडबंदर रस्त्याखालच्या मोऱ्यांविषयी: रस्ते बांधणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए);
मुख्य अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग;
प्रादेशिक अधिकारी, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण;
संचालक, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली

महोदय,

रुंदीकरण असो, उन्नत मार्ग असो की बोगदा, प्रकल्प अहवालात वन्यप्राण्यांसाठी योग्य ठिकाणी उपमार्ग (रस्त्याखालून जायची वाट) देऊ अशा अर्थाची एक ओळ हल्ली असतेच. ठिकाण कोणते, माप किती, कुंपण कुठून कुठवर, पावसाळ्यात पाणी कुठून जाणार, पाच वर्षांनी गाळ कोण काढणार, यातले त्या ओळीत काही नसते. मग काम उरकत आल्यावर, पैसे संपत आल्यावर रस्त्याखालून पाणी काढून देणाऱ्या एखाद्या जुन्या मोरीच्या तोंडाशी बिबट्याचे चित्र असलेली पाटी लागते आणि अटीची पूर्तता झाली असा शेरा पडतो.

गायमुख ते वरसावे या घाटातल्या टप्प्याबाबत असे होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे. गायमुख ते वरसाव्याचे फाउंटन हॉटेल या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याची निविदा मे २०२५ मध्ये रद्द झाली. पुढचे कागद नव्याने तयार होतील तेव्हा त्यात काय काय लिहिलेले असावे, ते इथे मापांसह मांडतो.

आधी जागा. दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरपैकी मुख्य जंगल, मग घोडबंदर रस्ता, मग झाडी आणि खारफुटीची पट्टी, मग वसईची खाडी, पलीकडे उद्यानाचाच नागला विभाग, त्यापुढे दिवा-वसई रेल्वे आणि चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता, आणि शेवटी तुंगारेश्वर अभयारण्य. उद्यानाला बाकी बाजूंनी शहराने वेढले आहे. बाहेर पडायची वाट उरली आहे ती ही उत्तरेची. खाडी हा बिबट्याला मोठा अडथळा नाही. २००९ साली माग काढणारा गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून आणि वसईची खाडी पोहून इकडे आला होता. डिसेंबर २०११ मध्ये तो याच परिसरात वाहनाच्या धडकेने मेला. खाडी पार झाली, रस्ता झाला नाही.

जागा ठरवताना सर्रास होणारी चूक म्हणजे मेलेल्या प्राण्यांचे ठिपके नकाशावर टाकायचे आणि जिथे ठिपके दाट तिथे उपमार्ग काढायचा. ठिपके दाखवतात ते प्राणी कुठे फसला. जिथून तो रोज बिनबोभाट जातो तिथे ठिपका पडतच नाही. दोन्ही हवेत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्येक नाल्यात आणि डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) हवेत, आणि तेही किमान एक पूर्ण वर्ष. उन्हाळ्यात प्राणी पाण्याकडे उतरतात, पावसाळ्यात नाले वाहू लागले की वरच्या धारेने चालतात. नोव्हेंबरातल्या पंधरा दिवसांच्या सर्वेक्षणाला यातले काहीच दिसत नाही. मेलेल्या प्राण्याची नोंदही अक्षांश-रेखांशासह व्हावी. ‘घोडबंदर रोड, घाट’ एवढ्या पत्त्यावर पूल बांधता येत नाही.

आता मोऱ्या. डोंगरउतारावरून जाणाऱ्या रस्त्याखाली जागोजागी मोऱ्या असतात. पाणी उताराने ज्या घळीतून येते त्याच घळीतून सावलीत, आडोशाने प्राणीही येतात. म्हणजे वाट आधीच आहे. ती बंद कशी होते एवढे पाहायचे. उताराकडच्या तोंडाशी पाणी पडून पडून खड्डा होतो आणि मोरीचा तळ हवेत लटकतो. मीटरभर उंचीची ही पायरी बिबट्या चढतो, साळिंदर आणि भेकर चढत नाही. दुसरे, धूप थांबवायला टाकलेले मोठे सुटे दगड. खुराच्या प्राण्याचा पाय त्यांच्या फटीत अडकतो, म्हणून तो त्यावर पाऊलच टाकत नाही. तिसरे, कचरा अडवायला बसवलेली लोखंडी जाळी. ती कचरा अडवते, पाणी तुंबवते आणि प्राण्याला रस्त्यावर चढवते. चौथे, दोन्ही तोंडांवर वाढलेली घाणेरीची जाळी आणि आत साठलेला गाळ.

याची दुरुस्ती बोगद्याची वाट न पाहता करता येते. लटकत्या तोंडाशी १:५ उताराचा दगडी रॅम्प बांधावा, दगडांच्या फटी मुरूम-मातीने भराव्यात. मोरीच्या आत एका बाजूला, शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंना, पावसाळी पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर कोरडी पट्टी काढावी: लहान मोरीत ५० ते ६० सेंटिमीटर, मोठीत दीड-दोन मीटर रुंद. ही पट्टी दोन्ही टोकांना काठाच्या जमिनीला भिडलीच पाहिजे. मध्येच संपणारी पट्टी काढलेली आम्ही पाहिली आहे. ती का काढली हे काढणाऱ्यालाच ठाऊक. जाळी लागणारच असेल तर ती मोरीपासून वरच्या बाजूला काही अंतरावर नाल्यात लावावी आणि तिला बगल देऊन जायला काठाने मोकळी जागा ठेवावी. हे सगळे नेहमीच्या पावसाळापूर्व कामांच्या दरातच बसते.

नव्या बांधकामात मापाचा हिशेब सोपा आहे. तोंडाची रुंदी गुणिले उंची, भागिले आतली लांबी, सगळे मीटरमध्ये. येणारा आकडा म्हणजे त्या उपमार्गाचा मोकळेपणा. तीस मीटर रुंदीच्या रस्त्याखाली ३ बाय ३ मीटरची बॉक्स मोरी टाकली तर आकडा येतो ०.३. सहा रुंद, चार उंच केली तर ०.८. तीस मीटर रुंद आणि पाच मीटर उंच मोकळा पूल दिला तर ५. बिबट्या, उदमांजर, मुंगूस, साळिंदर ०.३ मधूनही जातील. चितळाला, आणि त्याहून जास्त सांबराला, पलीकडचा उजेड आणि झाडी दिसल्याशिवाय आत पाय घालवत नाही. कळपाने राहणारे, पळून जीव वाचवणारे प्राणी अंधाऱ्या बोळात शिरत नाहीत, त्यात बिबट्याचा वास असेल तर मुळीच नाही. म्हणून ‘बिबट्या जातो ना, मग झाले’ हा निकष अपुरा आहे. त्याचे भक्ष्य अलीकडेच राहिले तर पलीकडे गेलेला बिबट्या कुत्र्यांवर जगेल, आणि कुत्री असतात वस्तीत.

देशात याचे मोजलेले उदाहरण आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात नऊ संरचना आहेत, ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीपर्यंतच्या. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा १८ प्रजाती खालून जाताना दिसल्या, त्यात ११ वेगवेगळे वाघ. पुलाच्या कडांना आवाज आणि उजेड अडवणारे पडदे आहेत. घाटात ७५० मीटरचा पूल कुणी मागत नाही. पण दोन मोठ्या घळींवर भराव घालून नळमोरी टाकण्याऐवजी ३० ते ५० मीटरचा खुला पूल द्यावा ही मागणी अवास्तव नाही.

पुलाचा आराखडा काढणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी, कारण त्या नेहमी सुटतात. पुलाच्या दोन स्लॅबमधल्या सांध्यावरून ट्रकचे चाक गेले की धाड्‌कन आवाज होतो, आणि तो बरोबर खाली घुमतो. सांधा उपमार्गाच्या माथ्यावर नको. जमल्यास खांब आणि स्लॅब एकसंध असलेला, सांधा नसलेला पूल करावा. पुलाच्या पृष्ठभागावरचे पाणी सोडणाऱ्या नळ्या थेट खाली ओतू नयेत, खांबालगत उतरवून बाजूच्या गटारात न्याव्यात. तळ मातीचाच ठेवावा, काँक्रीट नको. दोन मार्गिकांच्या मधली जागा उघडी ठेवून उजेड आत घ्यायचा मोह होतो. दिवसा तो बरा वाटतो, रात्री त्याच फटीतून हेडलाइट आणि आवाज खाली येतात. या रस्त्यावर रात्रीची वाहतूक पाहता फट झाकलेली बरी आणि त्या बदल्यात उंची वाढवलेली बरी.

जिथे रस्ता डोंगर कापून गेला आहे तिथे खालून जायला जागाच नाही. तिथे वरून पूल हवा, आणि दोन्ही कापांच्या माथ्यावर तो सहज टेकतो. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात असे पूल ५० मीटर रुंद आहेत. मध्यभागी थोडा निमुळता आणि टोकांना पसरट आकार घेतला तर काँक्रीट वाचते. मातीची जाडी गवताला ३० सेंटिमीटर, झुडपांना ६०, लहान झाडांना एक ते दीड मीटर. इथे वजनाचा हिशेब नीट करा: ५० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब पुलावर मीटरभर माती, ओली झाल्यावर, सुमारे ३,८०० टन भरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुंबईत ती ओलीच राहणार. म्हणून स्लॅबवर जलरोधक थर, त्यावर मुळे अडवणारा पडदा, मग १५ सेंटिमीटर खडीचा निचरा थर, वर भूवस्त्र (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) आणि मग माती असा क्रम ठेवावा. निचऱ्याच्या नळ्यांना तपासणीची तोंडे ठेवावीत. नळी चोंदली की पहिल्या दोन पावसाळ्यांत माती चिखल होऊन कडेने सुटते आणि खालच्या गाड्यांवर येते. मग वाहतूक पोलीस माती उचलायला लावतात आणि पुलाचे बोडके काँक्रीट उरते. कडांना दोन-सव्वादोन मीटर उंच मातीचे बांध किंवा लाकडी पडदे हवेत. लावायचे ते इथलेच: कारवी, करवंद, धायटी, कुडा, उक्षी, मानवेल बांबू. गुलमोहर, गिरिपुष्प, सुबाभूळ नकोत. आणि कृपा करून पुलावर दिवे, बाके, सेल्फी पॉइंट आणि उद्घाटनाचा चौथरा नको.

कुंपणाशिवाय यातले काहीच चालत नाही. प्राणी उपमार्ग शोधत येत नाही. तो सरळ चालतो, आणि कुंपणाने वळवले तर उपमार्गाशी पोचतो. बॅन्फमध्ये २.४ मीटर उंच कुंपण आणि ओलांडणीच्या जागा एकत्र आल्या तेव्हाच वाहनांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. मात्र बिबट्या तसले कुंपण सहज चढतो. इथे उंची तीन मीटर, माथ्यावर जंगलाच्या बाजूला ४५ अंशात झुकलेली ५० ते ६० सेंटिमीटरची जाळी, तिच्याखाली नखे न रुतणारी गुळगुळीत पत्र्याची पट्टी, आणि कुंपणापासून तीन-चार मीटरच्या आत झुकलेल्या फांद्यांची दरवर्षी छाटणी असावी. तळाला ६० सेंटिमीटरपर्यंत बारीक छिद्राची जाळी आणि ती ३० सेंटिमीटर जमिनीत पुरलेली हवी, नाहीतर रानडुक्कर उकरते आणि त्या भोकातून बाकी सगळे येतात.

कुंपणाचे टोक कुठे येते हे सर्वात महत्त्वाचे. पैसे संपले तिथे कुंपण संपले तर प्राणी त्याच्या कडेने चालत नेमका त्या टोकाशी येऊन रस्ता ओलांडतो आणि धडका तिथे एकवटतात. पाच किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या कुंपणांचा परिणाम यामुळेच बेभरवशाचा निघतो. टोक उभा कडा, मोठा पूल किंवा दाट वस्ती अशा ठिकाणी नेऊन संपवावे. आणि चुकून रस्त्याच्या बाजूला अडकलेल्या प्राण्याला बाहेर पडायला दर पाचशे मीटरला एक मातीचा रॅम्प द्यावा: रस्त्याकडून हळू चढ, जंगलाकडे दीड-दोन मीटरची उडी. हा रॅम्प नसेल तर कुंपण सापळाच ठरते. उपमार्ग चालू होण्याआधी नुसते कुंपण घालणे तर त्याहून वाईट.

काँक्रीटच्या अखंड दुभाजकाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण रुंदीकरणात तो न विचारता येतो. ८०-९० सेंटिमीटरची ती भिंत बिबट्या ओलांडेल, पण गाडी अंगावर येत असताना क्षणभर थबकेल, आणि तो क्षणच त्याला नडतो. मुंगूस, साळिंदर, पिसोरी, घोरपड तिच्यापाशी पोचून परत फिरतात, म्हणजे धोक्याच्या मार्गिका दोनदा ओलांडतात. कुंपण नसलेल्या भागात खाली मोकळा असलेला धातूचा कठडा वापरावा.

वेगाच्या पाट्यांवर आमचा विश्वास नाही, आणि तो का नाही ते आकड्यांत सांगता येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ८० किलोमीटरला थांबण्यासाठी १२० मीटर दृष्टिपल्ला लागतो, ६० ला ८० मीटर. खाली झुकवलेल्या हेडलाइटमध्ये गडद रंगाचा प्राणी जेमतेम पन्नासेक मीटरवर दिसतो. वळणावळणाच्या घाटात त्याहून कमी. चालकाने पाटी वाचली, मनावर घेतली, तरी ब्रेक पुरत नाही. त्यात या रस्त्याची खोड अशी की कोंडीमुळे अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध येतात आणि उरणकडून गुजरातला जाणारे कंटेनर रात्री सुटतात. बिबट्याचीही चालण्याची वेळ तीच. पूल आणि कुंपण होईतोवर करता येण्याजोगे एकच आहे: घाटाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे बसवून मधल्या अंतरावरून सरासरी वेग काढणे आणि रात्री दहा ते पहाटे पाच ताशी ४० ची मर्यादा दंडासह लागू करणे. एका जागेवरचा कॅमेरा आठवडाभरात सर्व चालकांना पाठ होतो.

घाटात ठरलेल्या ओलांडणीच्या जागांपासून दोनशे मीटरच्या आत रस्त्यावरचे दिवे नकोत. लागलेच तर पिवळसर, पूर्ण खाली वळवलेले. प्रकाशित जाहिरात फलकांना तिथे परवानगीच देऊ नये. ढाबे आणि टपऱ्यांचा कचरा रोज उचलला गेला पाहिजे. हाही ओलांडणीच्या रचनेचाच भाग आहे. कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या, आणि तो रस्त्याच्या कडेला, रात्री दोन वाजता. त्याच कुत्र्यांचा कळप मोरीच्या तोंडाशी बसला तर चितळ तिकडे फिरकणारही नाही.

बोगद्याला आमचा विरोध नाही. खोलवरचा बोगदा ही प्राण्यांसाठी सर्वात चांगली ओलांडणी आहे, कारण वरचे जंगल तसेच राहते. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे याच जंगलाखालून जात आहेत. तिथे प्रश्न असतो तो तोंडांशी: मलब्याचे डंपर, काँक्रीट मिश्रण यंत्र, रात्रभरचे प्रखर दिवे. गायमुखच्या बोगद्यात मात्र एक वेगळी संधी आहे आणि ती कुठल्याच कागदावर आलेली आमच्या पाहण्यात नाही. बोगदा झाला तरी वरचा घाटरस्ता राहणारच. तो रात्री सर्व थेट वाहतुकीला बंद करा. स्थानिक रहिवासी, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि वन विभाग एवढ्यांनाच प्रवेश ठेवा. जितकी पूल-कुंपणे वर लिहिली त्यातली निम्मी या एका अटीने अनावश्यक ठरतील. पण ही अट वन्यजीव मंजुरीच्या आदेशात लिहिलेली हवी. बोगद्यावर टोल असेल तर तो चुकवण्यासाठी वाहने वरूनच जातील आणि नंतर कुठलाही अधिकारी रस्ता बंद करायचे धाडस करणार नाही.

पुढच्या अडथळ्यांची जबाबदारी एका यंत्रणेची नाही, म्हणून ती कुणाचीच होत नाही. घोडबंदर पार केलेला प्राणी नागल्यात पोचतो आणि त्याच्यासमोर दिवा-वसई रेल्वे, चिंचोटी-कामण रस्ता आणि समर्पित मालवाहतूक मार्गाची नवी लोहमार्गाची जोडी उभी राहते. एकाला आरपार मोरी आणि शेजारच्याला भराव असेल तर पहिल्यावर केलेला खर्च वाया. या तिन्हींच्या मोऱ्यांची जागा आणि तळपातळी एकाच नकाशावर काढून एकमेकांसमोर आणावी लागेल. त्यासाठी रेल्वे, सार्वजनिक बांधकाम आणि उद्यान यांच्या अभियंत्यांनी नाल्यात उतरून एकत्र पाहणी केली तरी अर्धे काम होईल. तोंडासमोरच्या जमिनीचेही तसेच. उपमार्गापासून किमान दोनशे मीटरचा शंकूच्या आकाराचा पट्टा दोन्ही बाजूंना विकास आराखड्यात ना-बांधकाम म्हणून नोंदवला नाही, तर दहा वर्षांनी पलीकडच्या तोंडाशी लग्नाचा हॉल असेल.

आरे वसाहतीतल्या आणि चित्रनगरीकडच्या रस्त्यांवर मोठे बांधकाम नको. तिथे पहिल्या पावसात बेडूक, साप, खेकडे मरतात. दर दीडशे-दोनशे मीटरला ६० सेंटिमीटर व्यासाचा पाइप, त्याकडे वळवणारी ४० सेंटिमीटर उंच आडवी पट्टी आणि गतिरोधक पुरेत. माकडांसाठी फांद्या तोडू नका; तोडल्याच असतील तर दोरखंडाचे झुलते पूल.

निविदेत वन्यजीव संरचना ही एकगठ्ठा तरतूद नको. प्रत्येक संरचना, कुंपणाचा प्रत्येक मीटर, प्रत्येक रॅम्प स्वतंत्र बाब म्हणून दर आणि परिमाणासह यावा. क्रमही बांधून द्यावा: आधी ओलांडणीच्या जागा, मग कुंपण, मग रुंदीकरण. या टप्प्याचे अंतिम देयक कुंपणाची दोन्ही टोके जुळल्याचा उद्यानाचा दाखला मिळाल्यावरच द्यावे. देखभाल दहा वर्षांची हवी, दोषदायित्वाच्या (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या) मुदतीपुरती नको: पावसाळ्याआधी गाळ, पावसाळ्यानंतर झाडोरा, दर महिन्याला कुंपणाची फेरी. प्रत्येक तोंडाशी दोन कॅमेरे, जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर, कुलूपबंद पेटीत, कारण ते चोरीला जातात. नुसता ‘बिबट्या दिसला’ हा फोटो यश ठरवू नये. किती प्राणी तोंडाशी आले आणि किती आत न जाता परतले, हा आकडा दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध व्हावा. पहिल्या दोन वर्षांत तो वाईट दिसला तर घाबरू नका. बॅन्फमध्ये अस्वलांना सवय व्हायला चार-पाच वर्षे लागली.

नवी निविदा काढण्यापूर्वी गायमुख ते वरसावे टप्प्यातील प्रत्येक मोरीची साखळी (रस्त्यावरचे नेमके अंतर), माप, तळपातळी आणि सद्यस्थिती दाखवणारा तक्ता आपल्या संकेतस्थळांवर मराठीत प्रसिद्ध करावा आणि हरकतींसाठी तीस दिवस द्यावेत, ही विनंती. तक्ता तयार करायला आम्ही बरोबर येऊ.

आपले,
मुंबई-ठाणे परिसरातील काही वन्यजीव अभ्यासक आणि रस्ते-पूल अभियंते